सरोज, छत्र्यांचा पिक्चर काल दाखवला

सरोज, काल संध्याकाळी मिशनच्या कंपाउंडात छत्र्यांचा पिक्चर दाखवला. तुला जाऊन महिना झाला नाही, घरावर यंदा नाताळचा तारा लावला नाही, आणि हे पिक्चर दाखवत बसणार म्हटल्यावर तुझ्या बहिणीने फोनवर विषयच बदलला. म्हणाली, जेवण वेळेवर घेता ना? घेतो म्हणालो. खोटंच सांगितलं, पण तुम्हा बहिणींना दुसरं उत्तर चालत नाही.

चर्चचे पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, यंदा राहू द्या. मी म्हणालो, राहू दिला. दुसऱ्यांदा आले तेव्हा मीच सांगितलं की दाखवणार. त्याचं कारण त्यांना सांगितलं नाही, तुला सांगतो. मला माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगायची होती, जी मी छत्तीस वर्षं पोटात ठेवली. तू पिक्चरची गोष्ट चुकीची सांगत नव्हतीस. रिळं मी उलटी लावली होती. लोक तुझ्या इंग्रजीला हसले, पण ती चूक इंग्रजीची नव्हती, माझ्या हाताची होती. चार वाक्यांचं काम. तू जिवंत असताना ते माझ्याकडून झालं नाही.

तुला सगळं माहीतच आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. हल्ली रोज मनात तेच चालतं, तर कागदावर तरी येऊ दे.

मिशनच्या गोऱ्या मिसबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा चर्चला एक लोखंडी पेटी देऊन गेल्या. तीत एक सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि एका पिक्चरच्या तीन रिळांचे तीन डबे. नावाची चिठ्ठी कसरीने खाल्लेली. पुढे मी बऱ्याच जाणत्या लोकांना विचारलं, कुणाला त्या पिक्चरची माहिती नाही. काळा-पांढरा, नाताळातला, गोऱ्या लोकांचा, एवढंच. नावाजलेला नसणार. मशीन चालवणारा कुणी नव्हता म्हणून मला राहुरीहून बोलावलं. मी तेव्हा शेतकी खात्याच्या सिनेमागाडीवर ऑपरेटर. गावोगाव पडदा बांधून बोंडअळी दाखवायचो. भंडारदऱ्यापासून शेवगावपर्यंत माझ्या पडद्यावर कधी सुरकुती दिसली नाही, असा माझा तोरा. आणि तू मुलींच्या शाळेतली नवी बाई. बोर्डिंगात मिसबाईंच्या हाताखाली इंग्रजी शिकलेली, म्हणून लोकांना मराठीत गोष्ट सांगायला तुला उभं केलं होतं.

दुपारी तू आलीस. मी डबे उघडून रॉकेलच्या फडक्याने झाकणं पुसत होतो. तू म्हणालीस, "मला एकदा आधी दाखवा. न बघता मी सांगणार काय?" मी म्हणालो, बल्ब जपावा लागतो, नगरात मिळत नाही, दोनदा चालवता यायचं नाही. दाखवता आला असता, सरोज. मी भाव खात होतो. मग तू पायरीवर बसलीस आणि बोंडअळीचा पिक्चर बघून अळीला राग येत नाही का, असलं काहीतरी विचारत राहिलीस. मी उत्तरं देत देत झाकणं लावली. तीन नंबरचं झाकण दोनच्या डब्यावर, दोनचं तीनवर. नंबर झाकणावर रंगवलेला असतो, डब्यावर नसतो. फिल्मच्या सुरुवातीच्या पट्टीवरही तो असतो, आणि तो वाचून मगच रीळ चढवायचं, हे ऑपरेटरला पहिल्या दिवशी शिकवतात. मी वाचला नाही. माझं लक्ष कुठे होतं, ते आपल्याला दोघांना ठाऊक आहे.

पहिलं रीळ सुरळीत गेलं. छत्र्या विकणारा एक उंच, बावळट माणूस आगगाडीने कुठल्याशा गावी येतो. बर्फ पडून गाडी अडकते. बर्फाच्या गावात छत्री कोण घेणार? त्याला गावातली लॉन्ड्रीवाली बाई वरच्या खोलीत जागा देते. ती तोंडाची फटकळ. त्याची छत्र्यांची पेटी ती जिन्यात ठेवू देत नाही, तो तिच्या इस्त्रीच्या कपड्यांवर बसतो. लोक हसत होते. तू पडद्याच्या डाव्या बाजूला माईक घेऊन उभी होतीस आणि त्या लॉन्ड्रीवालीला थेट आपल्या कंपाउंडातल्या बाईसारखं बोलायला लावत होतीस.

मग मी दुसरं रीळ म्हणून तिसरं चढवलं. पडद्यावर एकदम तो माणूस दारासमोर बर्फात उभा. खांद्यावर बर्फ साचलेला, दार बंद. का उभा आहे, कुणाला कळायचं कारण नव्हतं. तू माईक ह्या हातातून त्या हातात घेतलास. आणि म्हणालीस, "लाजतोय. मागणी घालायला आलाय, पण दार वाजवायला धीर होत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, वाजव की." पुढे नाताळची सकाळ होते, सगळं गाव पडत्या बर्फात त्याच्या छत्र्या उघडून चर्चला निघतं. वरून घेतलेलं ते दृश्य, काळ्या छत्र्यांची ती लांबच लांब रांग, मी इतक्या वेळा पाहिली तरी अजून मशीन सोडून तिच्याकडे बघत राहतो. तू सांगितलंस, वरात आहे. दार उघडतं, ती बाहेर येते, दोघं जवळ येतात. तिथे मी लेन्ससमोर हात धरला, कारण समोर म्हातारीकोतारी आणि मुलं बसली होती. पडद्यावर माझी पाच बोटं, आणि तू शांतपणे म्हणालीस, "दोघं प्रार्थना करतायत."

मग पाटी आली, द एंड. अजून एक डबा माझ्या पायाशी होता. तू म्हणालीस, "आता दहा मिनिटं सुट्टी. चहा घ्या."

तेव्हापासून जगात कुठे नसेल असं आपल्या पिक्चरमध्ये समाप्त झाल्यावर मध्यंतर होतं.

चहानंतर खरं दुसरं रीळ. त्यात दोघं बर्फावरच्या घसरगाडीवर धुतलेले कपडे लादून घरोघरी पोचवतात, एका खोलीत नाचतात, तो तिच्यासाठी भांडी घासतो आणि दोन फोडतो. शेवटी त्याच्या नावाचं एक पत्र येतं, बाईच्या अक्षरातलं. पत्र त्याच्या बहिणीचं असतं, पण तिला ते ठाऊक नसतं. ती त्याची पेटी बर्फात फेकते आणि दार आपटते. तू सांगितलंस, हे लग्नानंतरचं वर्ष, छत्र्यांचा नवा माल आलाय म्हणून पेटी पुन्हा भरलेली. दार आपटलं, फिल्म संपली, आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड. मी दिवा बंद करायला हात घातला तर तू बोट वर केलंस. आणि त्या कोऱ्या पडद्यासमोर उभी राहून पुढची गोष्ट सांगत राहिलीस. तो मागच्या दाराने आला. तिच्या चुलीपाशी बसला. म्हणाला, माझं चुकलं. ती म्हणाली, जेवून घे आधी.

लोक उठून घरी गेले ते बोलत बोलत. असा पिक्चर त्यांनी पाहिला नव्हता. आधी लग्न, मग ओळख, मग भांडण, मग चुलीपाशी समेट. त्यात त्यांना कुठे काही चुकलंय असं वाटलं नाही. आमच्या घरात तरी ह्याच क्रमाने होत होतं. पुढे आपल्याही घरात तसंच झालं.

मी मशीन आवरत होतो. तू जवळ आलीस. मला वाटलं, आता बाई झाडणार. तू म्हणालीस, "उद्या निघायच्या आधी आमच्याकडे नाश्त्याला या." बास. पुढचा नाताळ यायच्या आत आपलं लग्न झालं होतं.

दुसऱ्या वर्षी मी डोळ्यांत तेल घालून पट्ट्या वाचल्या आणि एक, दोन, तीन असा पिक्चर सुरू केला. मला वाटलं, गुपचूप सुधारून टाकू. दुसरं रीळ पाच मिनिटं चाललं असेल नसेल, तर कंपाउंडातली सगुणाआत्या उभी राहिली. "ओ ऑपरेटर, चुकला तुमी. आधी लगीन, मंग भांडन. असा न्हाई हा पिक्चर." तिच्यामागून सगळ्या बाया. मी तुझ्याकडे बघितलं, तू माईकवर म्हणालीस, "लोकांना हवा तसा दाखवा." मी मुकाट्याने रीळ उतरवलं. फजिती झाली, पण जीवही भांड्यात पडला. वाटलं, आता हे कायमचं मिटलं, कुणाला कधी कळणार नाही.

तेव्हापासून एक, तीन, दोन. दर वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. माणसं पुण्यामुंबईहून त्यासाठी येऊ लागली. सोनईहून कंपाउंडात सून म्हणून आलेली एक पोरगी पहिल्या वर्षी दार आपटलेलं बघून म्हणाली, "आमच्या शिंगणापुराकडं घरांना दारंच नसतात, तिथं हा पिक्चर झालाच नसता." त्यावर तू त्या वर्षी गोष्टीतलं गाव शिंगणापुराशेजारी नेऊन ठेवलंस. दर वर्षी शेवट वेगळा. एकदा तो खिडकीतून आत आला. एकदा तिच्या सासूने तिला समजावलं, तेव्हा समोरच्या सासवा खूश आणि सुना नाराज. एकदा तो आलाच नाही, तीच छत्री घेऊन त्याला शोधायला निघाली, आणि त्या वर्षी मी तीन महिने दौऱ्यावर होतो. कसंही असलं तरी शेवटी त्याने "माझं चुकलं" म्हणायचं, हे ठरलेलं.

यावर आपलं किती वाजलं. मी म्हणायचो, पत्र बहिणीचं आहे, त्याची काय चूक? तू म्हणायचीस, "मग काय झालं? म्हणायला काय जातं?" मी म्हणायचो, चूक नसताना माणसाने का म्हणायचं? तू भाकरी उलटत म्हणायचीस, "आणि असल्यावर?" मी पेपर उघडायचो. मला कळत नव्हतं असं नाही, सरोज. मला चांगलं कळत होतं.

मला त्या पिक्चरचं वेड का लागलं, हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी काहीतरी मशीनबद्दल बोललो होतो. खरं सांगू? त्यातली माणसं देखणी नाहीत. तो माणूस चालताना पायात पाय घालतो. तिच्या नाकावर इस्त्रीच्या वाफेचा घाम असतो. ती त्याच्यावर प्रेम करते हे तिच्या बोलण्यात कुठेच नाही, फक्त एकदा ती त्याचा ओला कोट उचलते आणि आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांआधी तो वाळत घालते. त्या वेळी तू नेहमी बोलायचं थांबायचीस. तेवढ्या भागात फक्त मशीनचा आवाज. पडद्यावरच्या माणसाला कळायचं नाही की त्याचा कोट आधी वाळलाय. मला कळायचं. दौऱ्यावरून मी भिजून आलो की माझे कपडेही तू असेच वाळवायचीस, आणि मीही कधी काही बोललो नाही.

आता त्या पाहुण्याची गोष्ट. आपली लेक कृपा तेव्हा चौथीत होती, तुझ्या पायाशी सतरंजीवर बसलेली. तेव्हाच्या पाळकांचे व्याही पुण्याहून आले होते. कोट, टाय. त्यांनी तो पिक्चर परदेशात पाहिला होता, सगळ्या जन्मात मला भेटलेला तसा तो एकच माणूस. मध्यंतरात ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करा, पण गोष्ट अशी नाही. बाईंना इंग्रजी समजलेलं दिसत नाही." मग लोक हसले. मोठ्याने हसले, पुढच्या रांगेतल्या बाया तर तोंडाला पदर लावून. कृपाने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तू माईकवर म्हणालीस, "असेल. माझं इंग्रजी बोर्डिंगातलं आहे. चहा घ्या."

मी मशीनपाशी उभा होतो. हातात दुसऱ्या नंबरचं रीळ. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, बाई बरोबर आहेत, रीळ माझं चुकलंय. मी वाकून पट्टी लावत बसलो. लावलेली पट्टी परत काढून लावली. त्या वर्षी मला बढती मिळाली होती, नवीन पोरांना मशीन शिकवायला नेमलं होतं, आणि त्यातली दोन पोरं पिक्चर बघायला आली होती. ही काही सबब नाही. भ्यालो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, तो पाहुणा जरा जास्तच बोलला. तू म्हणालीस, "बोलू दे. गूळ संपलाय." पण त्यानंतर कंपाउंडात कुणी काही उलटंसुलटं केलं की म्हणायचे, "बाईंच्या पिक्चरवानी झालं." मी ऐकायचो आणि पुढे जायचो. तू इतकी वर्षं पोरींना इंग्रजी शिकवलंस. तुझ्या हाताखालच्या पोरी परिचारिका होऊन, मास्तरणी होऊन कुठे कुठे गेल्या. आणि घराजवळ मात्र तुझ्या इंग्रजीची ही थट्टा, ती माझ्यामुळे. यातून मला सुटका नव्हती आणि ती मी मागितलीही नाही.

मागच्या चार वर्षांत रिळांना आंबूस वास यायला लागला. कृपाने ती पुण्याला नेऊन उतरवून घेतली, सगळा पिक्चर एका पेनड्राइव्हमध्ये. तिथल्या माणसाचा फोन आला, क्रम कसा लावू? मी तुला म्हणालो, आता तरी बरोबर लावू, एक, दोन, तीन. तू म्हणालीस, "नाही. एक, तीन, दोन. आणि शेवटी चार मिनिटं कोरा पांढरा ठेवायला सांगा." मी म्हणालो, मग निदान लोकांना खरं काय ते सांगून टाकू. मी ते म्हणालो, सरोज, मला चांगलं आठवतं. तू चष्मा काढलास, पुसलास, परत लावलास. "सांगा की," म्हणालीस. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. तू मान डोलावलीस आणि मटार सोलायला घेतलेस.

त्यानंतर तीन नाताळ गेले. दवाखान्यात तुझ्याशेजारी बसून मी ठरवलं होतं, आज तुला तरी म्हणतो, लोकांचं नंतर बघू. तू डोळे उघडलेस आणि जाड गोधडी कुठल्या ट्रंकेत आहे ते मला सांगितलंस, आणि यंदा माईक कृपाला द्या म्हणालीस. मी म्हणालो, तू बरी होशील, तूच धर. हे काय बोलणं होतं? दोघांनाही ते खोटं आहे हे ठाऊक. त्याच्या जागी दोन शब्द बोलता आले असते. पहाटे तू गेलीस.

तर काल. पडदा मीच बांधला, एक सुरकुती नाही. समोर नेहमीएवढीच माणसं, पण सगळ्यांची नजर तुझी जागा सोडून इकडेतिकडे. कृपाने माईक घेतला. पहिली पाच मिनिटं ती पाठ केल्यासारखी बोलत होती, मग लॉन्ड्रीवालीने त्या माणसाला जिन्यात झापलं आणि कृपा हुबेहूब तुझ्यासारखी झापायला लागली. छत्र्यांची वरात गेली. नव्या मशीनच्या लेन्ससमोरही मी सवयीने हात धरला, आणि सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "दोघं प्रार्थना करतायत." मध्यंतरात चहा झाला. कोट वाळत घातला तेव्हा कृपा थांबली. तिला हे कुणी सांगितलं होतं? मी तर नाही.

दार आपटलं. पांढरा पडदा आला. कृपाने तोंड उघडायच्या आत मी गेलो आणि माईक घेतला. चार मिनिटं हातात होती.

मी सांगितलं, पहिल्या वर्षी झाकणं मी अदलाबदल लावली. पट्टी वाचली नाही. सरोजने मला सांभाळून घेतलं. पुण्याचे पाहुणे बोलले तेव्हा मी हातात रीळ घेऊन गप्प उभा राहिलो. तिचं इंग्रजी चोख होतं. तुम्ही जे हसलात ते मला हसायला हवं होतं. माझं चुकलं.

कुठेतरी एका कपबशीचा आवाज झाला. मग पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली सगुणाआत्या, आता नव्वदीला टेकलेली, काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "ठाव हाय आमाला."

मला ऐकू आलं, कळलं नाही. "काय ठाऊक आहे, आत्या?"

"हेच की. पयल्याच वरसी बाई दुसऱ्या दिशी नळावर आल्या. म्हनल्या, ऑपरेटरनं रिळं उलटी लावली, पन मानूस चांगला हाय, कुनी त्याला बोलू नका. दुसऱ्या वरसी तुमी सुलट लावायला लागला, तवा म्या वरडले ते बाईंनीच सांगितलं हुतं. सुलट दिसला असता तर भायेरच्यांनाबी कळलं असतं न्हवं?"

मी म्हणालो, "आणि ते पाहुणे बोलले तेव्हा? तुम्ही सगळ्या हसलात."

"तुमाला हसलो. तुमचं त्वांड बघून. बाईंना कोन हसंल?" ती जरा थांबली, तिला दम लागला होता. "बाई म्हनल्या हुत्या, ज्या दिशी ते आपल्या तोंडानं सांगतील, त्या दिशी समद्यांनी टाळ्या वाजवायच्या. तवर चकार शब्द काढायचा न्हाई. किती जनी त्याच्यापायी थांबून थांबून गेल्या. म्या ऱ्हायले."

आणि तिने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तिच्या शेजारच्या. मग सगळे. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी माणसं, सुना, त्यांची पोरं. म्हणजे आयांनी पोरींना सांगितलं होतं, सासवांनी सुनांना. मी कृपाकडे बघितलं. माईक माझ्याकडे होता, तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि रडत रडत तीही टाळ्या वाजवत होती. घरात माझ्या ताटात वाढणारी माझी मुलगी, तिलाही माहीत होतं.

मला राग आला, सरोज. तुझा आला, खोटं कशाला बोलू. आख्ख्या कंपाउंडाला सांगितलंस आणि मला एकट्यालाच नाही. एकदा नुसतं म्हणायचं होतंस, अहो, आज सांगून टाका. मी सांगितलं असतं. सांगितलं असतं का? तुला माझी खात्री नसेल, मला तरी कुठे आहे. तुला ते माझ्या तोंडून, माझ्या मनाने आलेलं हवं होतं, ढकलून आलेलं नको होतं. एवढं माझ्यावर ठेवून तू शांतपणे भाकऱ्या केल्यास, पोरी शिकवल्यास, दर वर्षी नवा शेवट सांगितलास.

टाळ्या खूप वेळ चालल्या. पडदा काळा झाला तरी चालल्या. असल्या टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत, आणि त्या तू माझ्यासाठी केव्हाच्या ठरवून ठेवल्या होत्यास. छत्तीस वर्षं तू त्या ऐकायला थांबलीस. मला तीन आठवडे उशीर झाला.